पासिंग बघा, गल्ली मोजा, मग पिकअप घ्या

ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी या पट्ट्यात ज्यांना धंद्यासाठी पिकअप किंवा छोटा टेम्पो घ्यायचा आहे आणि त्याच गाडीतून घरची कामंही उरकायची आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. केटरर, मंडपवाले, टाइल्स-हार्डवेअरचे दुकानदार, पाण्याचे जार पोचवणारे, फॅब्रिकेशनवाले, मुरबाड-शहापूरकडे थोडी शेती राखून असलेले नोकरदार. यांतले बहुतेक जण अशी गाडी कर्ज काढूनच घेतात आणि हप्ते फिटेपर्यंत तिच्याशी बांधले जातात. निवड चुकली तर ती वर्षं गाडीही सोसावी लागते आणि हप्ताही. म्हणून सही करण्याआधी चार गोष्टी ऐका.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. गाडी रोजच्या मालावर घ्या, वर्षातून चार वेळा येणाऱ्या मालावर घेऊ नका. ‘उद्या धंदा वाढला तर’ असं म्हणत लोक दोन टनांची पिकअप दारात उभी करतात आणि तिच्यातून रोज चारशे किलो माल फिरवतात. जास्तीचं डिझेल, महागडे टायर आणि मोठा हप्ता हे सगळं त्या न आलेल्या मालासाठी भरलं जातं. मोठी ऑर्डर आली की त्या दिवसापुरती मोठी गाडी भाड्याने मिळते. आपल्या भागात भाड्याच्या गाड्यांचा तुटवडा नाही. माजिवड्यापासून शिळफाट्यापर्यंत नाक्यानाक्यावर त्या उभ्या असतात.

याच्या उलटी चूक जास्त धोक्याची आहे. रोजचा माल दीड टनाचा आणि गाडी पाऊण टनाची. तिच्याकडे नंतर वळतो.

शोरूममध्ये पाय ठेवण्याआधी एक आठवडा वही ठेवा. रोज काय माल गेला, किती वजनाचा, कुठून कुठे, येताना गाडी रिकामी की भरलेली, हे सगळं लिहा. वजन डोळ्यांच्या अंदाजाने लिहू नका. सिमेंटची गोणी ५० किलोची, म्हणजे १५ गोण्यांत पाऊण टन भरला. वीस लिटरचा भरलेला जार साधारण २१ किलोचा, म्हणजे ३५ जारांत पुन्हा पाऊण टन. हजार लिटरची टाकी भरली की एक टन, टाकीचं वजन वेगळं. एक ब्रास रेती म्हणजे १०० घनफूट, वजन चार टनांच्या वर. अर्धा ब्राससुद्धा या वर्गातल्या गाड्यांचं काम नाही, तरी तो टाकला जातो. सगळ्यात फसवा माल टाइल्सचा. दोन बाय दोनच्या चार टाइल्सची पेटी पंचवीस-तीस किलोंची असते. अशा तीस पेट्या हौद्यात ठेवल्या तर जेमतेम तळ झाकतो. बघणाऱ्याला गाडी रिकामी वाटते, दुकानदार म्हणतो अजून दहा टाका, आणि खाली वाकून बघावं तर पाटे केव्हाच सरळ झालेले असतात. मंडपाचं, केटरिंगचं उलटं आहे. बांबू, कापड, खुर्च्या, पातेली दिसायला डोंगराएवढं, पण वजन कमी. त्यांना टनांपेक्षा हौद्याची लांबी जास्त कामाची.

आठवड्यातला सगळ्यात जड दिवस बाजूला ठेवा आणि उरलेल्या दिवसांचा माल बघा. त्यावर थोडी वाढ धरा. तेवढ्या क्षमतेची गाडी तुमची.

आता क्षमता म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण विकणारा तोंडाने एक आकडा सांगतो आणि कायदा कागदावरचा आकडा बघतो. आरसीवर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. ड्रायव्हर, दोन हमाल, ताडपत्री, दोर, सगळं या दोन आकड्यांमधल्या फरकात बसवायचं असतं. तुम्ही वरून लोखंडी जाळीची उंच बॉडी बांधून घेतली तर तिचं वजनही त्यातूनच जातं. सगळे जण याला ‘पासिंग’ म्हणतात. पासिंगच्या वर माल भरला आणि पकडला गेलात तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार, आणि जादा माल तिथेच उतरवण्याचा खर्च तुमचा. छोट्या धंद्यातली महिन्याची कमाई एका नाक्यावर जाते.

पण दंड ही त्यातली छोटी गोष्ट आहे. मोठी गोष्ट ब्रेकची.

गाडी मागून दबायला लागली की पहिला सल्ला मिळतो, ‘एक पाटा वाढवून घे.’ गॅरेजमध्ये थोडक्या वेळात काम होतं, गाडीची मागची बाजू उचलली जाते आणि मालक खूश होतो. पाट्याने गाडी दबणं थांबलं, म्हणून तिची ताकद वाढली असं त्याला वाटतं. ताकद तिळमात्र वाढलेली नसते. चासी तीच, एक्सल तोच, टायर तेच, ब्रेक तेच. उलट एक गोष्ट बिघडते, जी फार थोड्या मालकांना माहीत असते. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ एक छोटा वाल्व्ह असतो, त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. चासी किती खाली आली यावरून मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते हा वाल्व्ह ठरवतो. गाडी रिकामी असेल तर कमी, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी होईल. भरलेली असेल तर जास्त. जादा पाटे घातले की चासी खाली येतच नाही. दोन टन माल वर असताना वाल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक हात राखून देतो. सगळा भार पुढच्या ब्रेकांवर. डोंबिवलीच्या सपाट रस्त्यावर हे कळत नाही. कसारा घाट उतरताना किंवा माळशेजमध्ये धुक्यात समोर एसटी थांबलेली दिसली की कळतं. पाटा तुटला असेल तर तसाच नवीन घाला. पाटा वाढवू नका, मोठी गाडी घ्या.

गाड्यांची नावं घेऊन बोलू, कारण तेच तुम्हाला हवं आहे.

मे २००५ मध्ये टाटांनी एस आणली. दोन सिलिंडरचं ७०० सीसीचं डिझेल इंजिन, पाऊण टनाचं पासिंग. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने ती पुण्यात घडवली. तीनचाकी टेम्पो आणि १९८६ पासून चालत आलेली चारशेसात यांच्यामध्ये मोठी पोकळी होती, ती या गाडीने भरून काढली. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं आणि अजूनही म्हणतात. आज त्या जागेवर एसचेच पेट्रोल, सीएनजी, डिझेल आणि विजेवरचे प्रकार आहेत. जून २०२५ मध्ये आलेली एस प्रो पेट्रोलमध्ये ३.९९ लाखांपासून सुरू झाली, क्षमता ७५० किलो. २०१६ पासून मारुतीची सुपर कॅरी आहे. तिचं १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मऊ चालतं, आवाज कमी, आणि दुरुस्तीला कोणत्याही गल्लीतला मारुतीचा मेकॅनिक चालतो. जांभळी नाक्याजवळचा किराणा, डोंबिवलीत फडके रोडच्या मागचं दुकान, कल्याणात आग्रा रोडवरचा भांड्यांचा व्यापार, अशा गर्दीत रोज माल वाटणाऱ्याने या वर्गाबाहेर बघूच नये. एस साधारण ३.८ मीटर लांब आणि तिचं वळण ४.३ मीटर त्रिज्येचं. स्टेशनजवळच्या गल्लीत ती एका फेरीत वळते. पाच मीटरची पिकअप तिथे तीनदा मागेपुढे करते, तोवर मागे रिक्षांची रांग लागते आणि शेवटी माल तोंडाशी उतरवून हमालाकडून आत न्यावा लागतो. ती हमाली रोजची आहे, ती वहीत धरा.

एक ते दीड टनाच्या गटात २०११ पासूनची अशोक लेलँडची दोस्त आणि २०१९ पासूनची टाटा इंट्रा आहे. इंट्राच्या व्ही ३० चं पासिंग १३०० किलो, व्ही ५० चं १५०० किलो. भिवंडीच्या पूर्णा, काल्हेर, अंजूर भागातल्या गोदामांतून माल उचलून शिळ रोडने डोंबिवली एमआयडीसी किंवा पलावाकडे रोज नेणाऱ्याला मी या गटाकडे बघायला सांगेन. त्याच्या वर बोलेरो पिकअप, १.७ टनांची, आणि बोलेरो मॅक्स. मॅक्सच्या एचडी गाड्या दोन टनांपर्यंत जातात, सिटी नावाच्या गाड्या १.३ ते १.५ टनांच्या. बोलेरोची खरी बाजू कच्च्या रस्त्यावर आणि चढावर दिसते. मुरबाड, टोकावडे, शहापूर, किन्हवलीकडून भाजी, भात, गुरांचा चारा कल्याणच्या बाजार समितीत आणणाऱ्याने ती घेतली तर पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. शहरात फिरवायला मात्र ती जड पडते.

भरलेल्या गाडीचं एकूण वजन ३००० किलोंच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परवाना वेगळा काढावा लागत नाही. एस, सुपर कॅरी आणि इंट्राच्या व्ही ३०, व्ही ५० या मर्यादेत बसतात. दीड टनाच्या पुढच्या बहुतेक पिकअप बसत नाहीत. ड्रायव्हिंग लायसन्सबद्दल बरीच वर्षं गोंधळ होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तो मिटवला: हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्या माणसाला ७५०० किलोंच्या आतलं मालवाहू वाहन चालवता येतं, वेगळा शिक्का लागत नाही. ड्रायव्हर ठेवताना हे लक्षात असू द्या. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तुमचा धंदा जीएसटीत नोंदलेला असेल तर मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावटही मिळते, घरच्या मोटारीवर मिळत नाही. शोरूममधून निघण्याआधी बिल धंद्याच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह झालं आहे ना, ते तपासा. मागाहून बदलून घेणं फार त्रासाचं होतं.

इंधनाचं बोलायचं तर आपल्या भागातला रस्ता निर्णय देतो, जाहिरात देत नाही. घोडबंदर रोडवर गायमुखला एखादा कंटेनर बंद पडला की वाहतूक तासन्‌तास रांगते. शिळ रोडचं रोजचं तेच. अशा रांगणाऱ्या वाहतुकीत बीएस ६ डिझेल गाडीच्या धुराड्यातली गाळणी काजळीने भरते. ती साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. ज्याचा दिवस दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत जातो त्याच्या डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ओढत नाही आणि सर्व्हिस सेंटरचं बिल येतं. फेऱ्या आखूड असतील तर डिझेल नको. रोज नाशिक किंवा पुणे असेल तर डिझेलच.

सीएनजी स्वस्त पडतो, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सिलिंडरचं वजन पासिंगमधून जातं: सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो उचलते, सीएनजीवर ६२५. म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्यांहून जास्त फरक. दुसरी गोष्ट पंपावरच्या रांगेची. तिथे जाणारा तास ड्रायव्हरच्या पगारातला असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये वायुवाहिनीत बिघाड झाला तेव्हा मुंबई-ठाण्यातले अनेक पंप बंद पडले आणि फक्त गॅसवर चालणाऱ्यांचा धंदा थांबला. पेट्रोलची टाकीही असलेलं मॉडेल घ्या आणि ती रिकामी ठेवू नका. सिलिंडरची दाब-चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिची तारीख घरात भिंतीवर लिहून ठेवा.

विजेवरची गाडी अजून सगळ्यांसाठी नाही, पण काहींसाठी ती सगळ्यांत चांगली आहे. २०२२ मध्ये आलेल्या एस ईव्हीचा कागदावरचा पल्ला १५४ किलोमीटर, माल ६०० किलो. नंतर एक टनाचीही आली. भरलेल्या गाडीने, पावसाळ्यात, त्यातला बराच पल्ला कमी धरा. रोजची धाव साठ-सत्तर किलोमीटरची, ठरलेला मार्ग आणि रात्री स्वतःच्या मीटरवर चार्ज करायची सोय असेल, तर हिशेब मांडून बघाच. चार्जिंगची सोय सोसायटीच्या भरवशावर असेल तर आधी लेखी परवानगी, मग गाडी.

सोसायटीचा विषय निघालाच आहे, तर गाडी रात्री कुठे उभी राहणार हा प्रश्न पुढे ढकलू नका. डोंबिवली-कल्याणातल्या पुष्कळ सोसायट्या पिवळ्या पाटीची गाडी आवारात लावू देत नाहीत. रस्त्यावर ठेवाल तर कुठे पी-१, पी-२ ची अदलाबदल, कुठे टोइंग, आणि हौद्यातली स्टेपनी-बॅटरी चोरीला जाण्याची धास्ती. नव्या इमारतींत मोठ्या मोटारीसाठी आखलेली जागा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते. टेप घेऊन स्वतः मोजा. खांब कुठे आहे, पोडियमच्या तोंडाशी उंची किती आहे, बॉडी बांधल्यावर गाडी त्याखालून जाते का, तेही बघा.

हाच टेप ज्यांना दुहेरी केबिनची मोठी पिकअप खुणावते त्यांनी आधी हातात घ्यावा. २०१६ पासूनची इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ पासूनची टोयोटा हायलक्स या दोन्ही सुमारे ५.३ मीटर लांब आहेत. पाच मीटरच्या चौकटीतून नाक किंवा शेपूट बाहेर येणारच. पाच माणसं ऐसपैस बसतात, पांढऱ्या पाटीवर नोंदता येतात, चारही चाकांना जोर मिळणारे प्रकार आहेत, आणि त्या दिसतात दणकट. पण किंमत पंचवीस-तीस लाखांच्या घरात. तेवढ्यात एक छोटा टेम्पो, एक चांगली घरची मोटार आणि वर बरीच शिल्लक होते. हौदा मोठा दिसतो म्हणून क्षमताही मोठी असेल असं समजू नका. पाच जण बसल्यावर मालाला किती उरतं ते आरसीवरच्या आकड्यांतून काढा. माझ्या मते शहरात राहून शहरातच फिरणाऱ्याने हा नाद करू नये. ज्याचा शहापूर-मुरबाडकडे कच्च्या रस्त्याच्या टोकाला मळा आहे, दर आठवड्याला जाणं आहे आणि शहरात स्वतःचं मोकळं अंगण आहे, त्याला ही गाडी शोभते आणि उपयोगीही पडते. त्याच कामाला बोलेरो कॅम्पर खूप स्वस्तात मिळते, पण तिची नोंद साधारणपणे मालवाहू म्हणून होते. कोणती पाटी लागणार हे आरटीओत विचारूनच बुकिंगचे पैसे द्या. ठाण्याचं एमएच ०४, कल्याणचं एमएच ०५, दोन्हीकडे खिडकीवर हे सांगतात.

पाटीचा रंग फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडं मारलं आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. पिवळ्या पाटीला फिटनेस लागतं: नवीन गाडीला दोन वर्षांचं, पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दर वर्षी. मालवाहू गाडीला वेगाचा लगाम बसवलेला असतो, ताशी ८० च्या वर ती जात नाही. आमणेपासून समृद्धीवर चढून घरच्यांना घेऊन नाशिक-शिर्डीला जायचं मनात असेल तर हे आधी कळलेलं बरं. शिवाय रिकाम्या पिकअपचे कडक पाटे खड्ड्यात उसळतात. पावसात मागची चाकं हलकी असल्याने वळणावर घसरतात. केबिनमध्ये आरसीवर जेवढ्या सीट लिहिल्या आहेत तेवढीच माणसं बसायची, मांडीवरचं मूलही त्यात मोजायचं. तेव्हा ‘टिटवाळ्याला दर्शनाला पण हीच गाडी’ असा विचार सोडून द्या. धंद्याला टेम्पो आणि घराला एखादी जुनी, चांगल्या अवस्थेतली मोटार किंवा स्कूटर, ही जोडी एका मोठ्या गाडीपेक्षा बहुतेक घरांना परवडते.

आता जे सांगायचं आहे ते कळकळीने सांगतो. हौद्यात माणसं बसवू नका.

आपल्याकडे हे सर्रास चालतं. हळदीचं वऱ्हाड, मलंगगडाची यात्रा, गणपती विसर्जन, साइटवरचे मजूर, क्रिकेटची टीम. फाळका लावला की सुरक्षित झालं असं सगळ्यांना वाटतं. हौद्याला पट्टा नाही, धरायला काही नाही, आणि उभ्या माणसांमुळे गाडीचा तोल वर जातो. वळणावर सगळी एका बाजूला कलतात तेव्हा गाडी उलटायला वेग फार लागत नाही. काही झालंच तर मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेलं आहे. कधी न्यायालयं कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगतात, पण ती मालकाकडून वसूल करायची मुभाही देतात. म्हणजे शेवटी घर, दुकान, जमीन तुमचीच जाते. शेजाऱ्याने लग्नासाठी गाडी मागितली तर नाही म्हणायला जड जातं, हे मला ठाऊक आहे. तरी नाही म्हणा. हवं तर मिनी बसच्या भाड्यात वाटा उचला. हमालांसाठी विम्यात थोडा जादा हप्ता भरून संरक्षण घेता येतं, ते नक्की घ्या. पण त्यांनाही केबिनमध्येच बसवा, मालावर नाही.

ओढण्याचं, म्हणजे टोचनचं, थोडक्यात सांगतो. अमेरिकेत गेलेला भाचा फोटो पाठवतो. सहा मीटरहून लांब फोर्ड किंवा रॅम, मागे चाकांवरचं अख्खं घर. तिथे त्या गाड्या त्याच कामासाठी बांधतात, रुंद रस्ते आणि ट्रेलर लावायच्या जागा असतात. त्या इथे विकल्या जात नाहीत आणि इथली गरजही ती नाही. आपल्याकडे ओढायचं असतं ते काँक्रीटचा मिक्सर, चाकांवरचा जनरेटर, वेल्डिंगचा सेट किंवा बंद पडलेली दुसरी गाडी. चाकांवरचा ट्रेलर कायद्याने स्वतंत्र वाहन आहे, त्याची नोंद आणि विमा वेगळा लागतो. गॅरेजमध्ये बंपरला वेल्ड केलेला हुक चासीला जोडलेला नसतो, झटका बसला की बंपरसकट निघतो. कंपनीने दिलेल्या जागीच हुक लावा आणि किती वजन ओढायची परवानगी आहे ते मॅन्युअलमध्ये वाचा. बंद गाडी ओढताना दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी पंचविसाच्या आत हवा, मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस हवा. ऑटोमॅटिक किंवा विजेवरची गाडी जमिनीवर चाकं ठेवून ओढूच नका, तिचा गिअरबॉक्स किंवा मोटर जाते, फ्लॅटबेड बोलवा. चढावर टोचन मारताना तुमच्याच पिकअपचा क्लच जळतो. त्याचं बिल मैत्रीखात्यात जातं, म्हणून आधीच विचार करा.

जुनी गाडी घेणार असाल तर आठ वर्षांच्या आतली बघा, नाहीतर दर वर्षी फिटनेसची धावपळ आहे. रंगाकडे बघू नका. खाली झोपून चासी बघा, कुठे वेल्डिंगचा जोड किंवा पट्टी मारलेली आहे का. पाटे मोजा आणि कंपनीचे किती असतात ते विचारा. जास्त असतील तर ही गाडी वर्षानुवर्षं ओव्हरलोड चालली आहे. आरसीवरचा बँकेचा बोजा उतरला आहे का, ई-चलन किती थकली आहेत, हे गाडीच्या नंबरावरून मोबाइलवर दिसतं. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर नवी उच्च सुरक्षा पाटी बसवली आहे ना, तेही बघा. गेल्या काही पावसाळ्यांत गाडी पाण्यात बुडाली होती का, हे सीटखालच्या गाद्या आणि वायरिंगच्या जोडांवरचा गाळ सांगतो. उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्यांतली गाडी असेल तर ही तपासणी टाळू नका.

शेवटी एक विनंती. गाडी रिकामी चालवून पसंत करू नका. शोरूमची चक्कर मोकळ्या रस्त्यावरची असते, तिथे सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. तुमचा रोजचा माल न्या, तो पासिंगच्या आत भरा आणि तुमच्याच रस्त्याने, संध्याकाळच्या गर्दीत, तुमच्या दुकानाच्या गल्लीपर्यंत आणि रात्रीच्या पार्किंगपर्यंत गाडी चालवून बघा. सोबत रोज चालवणारा ड्रायव्हर घ्या, कारण दिवसाचे दहा तास क्लच दाबणारा पाय त्याचा आहे. भरलेली गाडी चालवून बघायला विक्रेता नाही म्हणाला, तर दुसऱ्या शोरूममध्ये जा.